रेव्हरंड टिळक आणि देवाचा दरबार

नारायण वामन टिळक मराठी माणसाला शाळेच्या पुस्तकात ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून भेटतात. पुढे कधीतरी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ हाती पडली, तर भोळा, उदार, तापट आणि घरात पैसा न टिकू देणारा नवरा म्हणून ते पुन्हा भेटतात. या दोन ओळखींवर आपण थांबतो आणि तिसरी ओळख राहून जाते, ती पाळकाची. टिळकांना १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून मृत्यूपर्यंत ते ‘ज्ञानोदय’ या पत्राच्या मराठी विभागाचे संपादक होते. शेवटच्या दोन वर्षांत अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ती झालेला हिंदी माणूस आपल्या देशाचा राहतो की नाही, या प्रश्नाने चोवीस वर्षे त्यांची पाठ सोडली नाही. ‘प्रियकर हिंदिस्तान’सारखी कविता पुढे करून त्यांची देशभक्ती सिद्ध करता येते आणि बहुतेक लेखक तेवढेच करतात. मला ते अपुरे वाटते. टिळकांचे खरे उत्तर त्यांच्या आयुष्याच्या हिशेबात आहे. श्रद्धा कोणत्या देशातून आली यावरून ती देशी की परकी हे ठरत नाही. तिची किंमत कोण मोजतो यावरून ते ठरते. ती किंमत स्वतः मोजण्याची तयारी म्हणजे चारित्र्य, आणि असे चारित्र्य असलेली माणसे हेच राष्ट्राचे खरे भांडवल, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या चरित्रातला जवळपास प्रत्येक मोठा निर्णय या धारणेने उलगडतो.

पहिली गोष्ट अशी की टिळक ख्रिस्ताकडे वळले तेच मुळी देशाच्या काळजीतून. ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावला, चित्पावन ब्राह्मण घरात त्यांचा जन्म झाला. तिशीपर्यंत हा माणूस एका गावी स्थिर राहिला नाही. कुठे मास्तरकी केली, नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम केले, मग राजनांदगावच्या संस्थानात नोकरी धरली. या भटकंतीत एक विचार पक्का होत गेला होता. धर्माच्या आधाराशिवाय हा देश उठणार नाही, आणि जो धर्म हाताशी आहे तो जातिभेदाने पोखरलेला आहे. म्हणून देव एक, माणसे त्याची लेकरे आणि जन्माने कोणी उच्च-नीच नाही, अशा तत्त्वांवर नवाच धर्म उभारण्याचा आराखडा त्यांनी मनाशी केला होता. नाशिकहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचा गोरा गृहस्थ भेटला आणि त्याने नवा करार हाती ठेवला. मत्तयाच्या शुभवर्तमानातले डोंगरावरील प्रवचन वाचताना आपण शोधत होतो ते सगळे इथे आधीच सांगितलेले आहे, असे टिळकांना वाटले. धर्म बदलला म्हणून माणूस देशाला मुकला, हा आरोप आपल्याकडे इतका रुळलेला आहे की इथला क्रम मुद्दाम पाहायला हवा. टिळकांच्या मनात देश आधी आला, धर्म मागून आला. यावर कोणी विचारील की राष्ट्राच्या कामासाठी धर्म शोधणे म्हणजे धर्माला हत्यार करणे झाले नाही का? सुरुवातीला तसे होते, हे मान्य करावे लागेल. पण ख्रिस्ताविषयीची त्यांची अभंगरचना वाचली की हत्यार कधीच गळून पडल्याचे दिसते. उरते ती भक्ती.

त्या भक्तीची किंमत काय होती, हे समजायला त्या वर्षांचे पुणे डोळ्यांपुढे आणावे लागते. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका समारंभाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी गेली आणि तिथे चहा-बिस्किटे पुढे आली. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. नावे वर्तमानपत्रात छापून आली, शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, जातिबहिष्काराचे ग्रामण्य उभे राहिले आणि प्रायश्चित्तांचे प्रकरण दोन वर्षे चिघळले. मिशनच्या कपातला चहा एवढा महाग पडत होता. १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदासदनावर मुलींना ख्रिस्ती करण्याचा आरोप झाला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अशा हवेत १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईला भेंडीबाजारातल्या अमेरिकन मराठी मिशनच्या देवळात टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो त्यांना देणारे पाळक तुकाराम नथूजी हे हिंदी होते. टिळकांनी गोऱ्या मिशनऱ्याऐवजी आपल्या माणसाच्या हातून दीक्षा घेतली, ही बाब चरित्रकार एका ओळीत उरकतात. मला ती पुढच्या सगळ्याची नांदी वाटते.

या बाप्तिस्म्याने घर मोडले. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या आणि पुढची चार-साडेचार वर्षे नवरा-बायको वेगळी राहिली. इथे कायद्याची एक बाजू लक्षात घेण्यासारखी आहे. १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत राखला होता. १८६६ च्या कायद्याने त्याला आणखी एक मोकळीक दिली होती: हिंदू राहिलेली पत्नी धर्मांतरामुळे सहा महिने नांदायला आली नाही, तर धर्मांतरित पतीला न्यायालयात जाऊन विवाह रद्द करून घेता येई आणि दुसरे लग्न करता येई. सरकारने आणि मिशनने मिळून काढलेली ही वाट टिळकांना उघडी होती. ते त्या वाटेला गेले नाहीत. पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हाही सोवळे आणि वेगळी चूल घेऊनच आल्या आणि पुढे १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने. एकट्याने घेतलेल्या निर्णयाचा सगळा भार बायकोवर टाकला, हा टिळकांवरचा आक्षेप खराच आहे आणि ‘स्मृतिचित्रे’ त्याची साक्ष देतात. पण कायद्याने फुकट मिळणारी सुटका त्यांनी नाकारली, हेही तितकेच खरे.

बाप्तिस्म्यानंतर मिशनच्या कामासाठी अहमदनगरला आल्यावर टिळकांना निराळीच अडचण दिसली. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत १८१३ मध्ये पाय ठेवला आणि १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे केले. शाळा काढल्या, छापखाना चालवला, दुष्काळात अन्न दिले. नगरच्या मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळेचे नाव महात्मा फुल्यांच्या चरित्रातही येते. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना तिथे पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच सुमारास बोस्टनच्या मुख्य मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानात आले होते. प्रत्येक देशातली मंडळी, म्हणजे तिथले चर्च, स्वतःच्या खर्चाने चालावी, तिने स्वतःचा कारभार करावा आणि प्रसारही स्वतःच करावा, हे त्यांचे सूत्र होते. म्हणजे स्वावलंबनाचे तत्त्व मिशनच्या दप्तरी सुमारे चाळीस वर्षे आधीच नोंदलेले होते. व्यवहार मात्र उलटा चालला होता. पाळकाचा पगार मिशनकडून, शाळेचा मास्तर मिशनचा, बायबल वाचून दाखवणारी बाई मिशनची, वसतिगृहातल्या पोराचे जेवण मिशनचे आणि या सगळ्यांची बदली, बढती, बडतर्फी ठरवणाऱ्या समितीत मत गोऱ्यांचे. खेड्यातला ख्रिस्ती माणूस मिशनच्या साहेबाला मायबाप म्हणे आणि साहेबालाही ते गोड वाटे. या माणसांत वाईट कोणी नव्हते. नगरच्या डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्यासारखा मिशनरी मुंबईत जन्मला, आयुष्यभर या देशात राबला आणि दुष्काळात त्याने हजारोंना जगवले. अडचण चांगुलपणाच्या अभावाची नव्हतीच. सगळा चांगुलपणा एकाच बाजूने वाहत होता आणि घेणाऱ्याला द्यायची सवय लागत नव्हती, तिथे ती होती. दुसऱ्याने पोसलेल्या श्रद्धेला घट्टे पडत नाहीत. १९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत मद्रासकडचे अझरिया यांनी भर सभेत हीच तक्रार केली: मिशनरी आमच्यासाठी जीव देतात, पण मैत्री देत नाहीत. टिळक नगरला तेच म्हणत होते आणि त्यांनी त्यावरचा उपाय गाण्यापासून सुरू केला.

उपासनेत ज्या भाषेत आणि चालीत माणूस देवाशी बोलतो, तिथे त्याची श्रद्धा उसनी आहे की स्वतःची आहे हे सर्वात आधी कळते. मिशनच्या जुन्या गीतपुस्तकांत इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे होती. चाल विलायती, तिचे आघात ठरलेले आणि मराठी शब्द त्यात बसवताना ऱ्हस्वाचे दीर्घ व्हायचे, जोडाक्षर दोन स्वरांत फाटायचे. वाचता न येणाऱ्या बाईला ते पाठ होत नसे, कारण त्याला ना यमकाचा आधार ना ओळखीची लय. याला तोड काढण्याचे काम टिळकांच्या आधीच सुरू झाले होते, हे मान्य करायला हवे. नगरचे कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच ख्रिस्ती कीर्तन उभे केले होते आणि देशी चालींवर गीते रचली होती. त्याहून मागे गेले तर १६१६ मध्ये गोव्यात फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचे झालेले होतेच. टिळकांनी या परंपरेला पूर आणला. आजही मराठी चर्चमध्ये जे ‘उपासना संगीत’ वापरले जाते, त्यात त्यांची दोनशेहून अधिक पदे आहेत. पेटी आणि तबल्याच्या साथीत एकाने धृपद उचलावे, मंडळीने ते झेलावे, अंतरा संपला की टाळ्यांच्या ठेक्यावर पुन्हा धृपदावर यावे. पुस्तक हातात नसले तरी काही अडत नाही. शेतात खुरपताना बाई ते गुणगुणू शकते आणि रात्री अंगणात म्हणू शकते. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे टिळक सांगत. हा शिष्टाचार नव्हता. ‘अभंगांजली’त देव आई होतो, भक्त हट्ट धरणारे पोर होते आणि या नात्याला वारकरी वळण आहे. युरोपात शिकलेल्या धर्मपंडितांना त्यात सिद्धांताची ढिलाई दिसली. मला त्यात मालकी दिसते: ज्याला ज्या भाषेत रडू येते, त्या भाषेत त्याने प्रार्थना केली.

‘ज्ञानोदय’ हाती आल्यावर टिळकांनी हीच गोष्ट गद्यात सुरू केली. १८४२ मध्ये नगरला निघालेले हे पत्र मुळात हिंदू समाजाच्या चुका दाखवण्यासाठी गाजलेले होते. टिळकांच्या काळात त्याचा रोख स्वतःच्या लोकांकडे वळला. ख्रिस्ती माणसाने देशी नाव टाकू नये, देशी पोशाख आणि मराठी बोलणे टाकू नये, शेजाऱ्यांच्या सुखदुःखात उभे राहावे. नोकरीसाठी मिशनच्या दाराशी ताटकळण्यापेक्षा स्वतःचा धंदा करावा. हा उपदेश ते सतत करीत. मिशनऱ्यांशीही ते स्पष्ट बोलत. तुम्ही इथे सेवक म्हणून आलात की राजे म्हणून, असा त्यांचा सूर असे आणि तो ऐकून घेणाऱ्या मिशनऱ्यांचेही मोठेपण आहे. या काळात त्यांच्या नगरच्या घरात कवी बालकवी ठोंबरे मुलासारखे राहत होते. ख्रिस्ती पाळकाच्या घरात राहून बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत आणि टिळकांनी त्यांच्यावर कधी तसे दडपणही आणले नाही. बायकोच्या बाबतीत जे पाळले तेच इथेही पाळले.

मग आले १९१७ साल. २० ऑगस्टला भारतमंत्री माँटेग्यू यांनी हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली आणि तिच्यातच जोडून सांगितले की प्रत्येक पाऊल केव्हा आणि किती टाकायचे, याचा निवाडा ब्रिटिश आणि हिंदुस्थान सरकारच करील. मिशनची आणि हिंदी मंडळीची गाठ नेमकी अशीच होती. स्वावलंबन द्यायचेच आहे, पण तुम्ही तयार झालात की नाही हे आम्ही ठरवू. तयारीची परीक्षा घेणारा आणि सत्ता सोडायची असणारा एकच असला, की परीक्षा संपतच नाही. त्याच वर्षी टिळकांनी मिशनचा राजीनामा दिला, पगार सोडला, पंचावन्न वर्षांच्या वयात साताऱ्याला बिऱ्हाड हलवले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. तो नवा पंथ नव्हता आणि प्रस्थापित चर्चविरुद्ध बंडही नव्हते. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांची ती एक बिरादरी होती आणि तिच्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जशी जागा होती तशी न घेतलेल्यांनाही होती. परदेशी पैसा नाही, पगारी प्रचारक नाही, जातीची विचारपूस नाही. गृहस्थाश्रम न सोडता संन्याशासारखे राहायचे आणि लोक जे देतील त्यावर भागवायचे, असा टिळकांचा संकल्प होता. मिशनने तयारीचा दाखला देण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. स्वतःच्या पायांवर उभे राहूनच पायांत बळ येते, हा त्यांचा युक्तिवाद राजकारणातल्या होमरूलवाल्यांच्या युक्तिवादाहून निराळा नव्हता.

इथे सर्वात गंभीर राजकीय आक्षेप येतो. आधी चारित्र्य, मग स्वराज्य, हे तर राज्यकर्त्यांचेच पालुपद होते. तुम्ही अजून लायक नाही असे म्हणणाऱ्या इंग्रजाला धर्मोपदेशकाने आपल्याच लोकांविरुद्ध साक्ष पुरवावी का? आगरकर आणि लोकमान्य यांच्यातला वाद याच धर्तीचा होता आणि आगरकरांवर हाच ठपका आला होता. टिळकांच्या बाबतीत हा आक्षेप लागू पडत नाही, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण त्यांनी चारित्र्याची मागणी कोणाकोणापुढे ठेवली यात आहे. चारित्र्य ही स्वराज्याची पूर्वअट म्हणून त्यांनी राज्यकर्त्याच्या हाती दिली असती, तर आक्षेप योग्य ठरता. त्यांनी ती मागणी गोऱ्या धर्मबांधवांपुढेही ठेवली. घेणाऱ्याने लाचारी सोडावी आणि देणाऱ्याने मालकी सोडावी, या दोन्ही गोष्टी त्यांना चारित्र्याच्याच वाटत. आयता अधिकार सोडवत नाही तेव्हा तोही शीलाचा दोष असतो, हे साम्राज्याच्या ऐन काळात साम्राज्याच्या धर्मातल्या पाळकाने सांगणे सोपे नव्हते. मात्र टिळक थेट राजकीय चळवळीत उतरले नाहीत, हे खरे आहे. त्यांचे मैदान मंडळी होते. तेवढ्या मैदानावर त्यांनी जे केले त्याला स्वराज्याहून दुसरे नाव नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारातला आहे. ज्या पगारावर बावीस वर्षे संसार चालला, त्यालाच शेवटी बेडी म्हणायचे, आणि दोन वर्षांतच दरबार विस्कटावा, यात आदर्श कसला? ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दफन न करता दहन झाले. दरबार त्यांच्यामागे तग धरू शकला नाही. तो त्यांच्या व्यक्तित्वावर उभा होता, त्याला ना घटना होती ना हिशेब ठेवणारा माणूस. पैशाचा व्यवहार हा टिळकांचा प्रांत कधीच नव्हता. संस्था म्हणून दरबार फसला, हे सरळ म्हणावे. पण त्याचा विचार नगरमध्ये दुसऱ्या हातांनी उचलला. टिळकांचे इंग्रज स्नेही जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये नगरला ख्रिस्त सेवा संघ काढला. त्यात हिंदी आणि इंग्रज माणसे बरोबरीने, साध्या देशी राहणीने, एकत्र राहू लागली. पुढच्या वर्षी विन्स्लोंनी टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. पुढे पुण्याला हललेल्या याच संघात १९२७ मध्ये व्हेरियर एल्विन नावाचा तरुण ऑक्सफर्डहून आला, गांधीजींकडे ओढला गेला आणि अखेर आदिवासींमध्ये राहून भारतीय नागरिक झाला. टिळकांनी जी मैत्री मिशनऱ्यांकडे मागितली होती, ती देऊ करणारी माणसे निघाली ती अशी. बावीस वर्षांच्या पगाराबद्दल म्हणायचे तर, ज्याला बेडी कधी टोचलीच नाही त्याच्यापेक्षा उतारवयात ती सोडणाऱ्याचे बोलणे मी अधिक वजनाचे धरीन.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र टिळकांची बाजू पुरी पडत नाही. नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजातून आले होते. टिळकांना तुकारामांचा वारसा सांगायला कोणाची परवानगी लागली नाही. तो त्यांच्या घरातच होता. वेशीबाहेर राहिलेल्या माणसाला देशी परंपरेची आठवण सुखाची नव्हती. त्याच्या लेखी विलायती चाल, इंग्रजी नाव, मिशनची शाळा या गोष्टी कालपर्यंतच्या अपमानापासून दूर नेणाऱ्या होत्या. त्याला ‘देशी राहा’ म्हणणाऱ्याने आधी देशाने त्याला काय दिले हे सांगायला हवे होते. अभंग ही ब्राह्मणांची मिरास नाही, चोखामेळ्याचेही अभंग आहेत, हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही, कारण चोखोबालाही पायरीबाहेरच उभे राहावे लागले. टिळकांच्या घरात दुष्काळाच्या आणि प्लेगाच्या काळात सगळ्या जातींची पोरे एका पंगतीला जेवली आणि दरबारात जात विचारली जात नसे, एवढे त्यांच्या बाजूने म्हणता येते. पण आपला प्रश्न आणि या माणसांचा प्रश्न एकच नाही, याची जाणीव त्यांच्या लेखनात मला पुरेशी ठळक दिसत नाही. १९३६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराचा विचार मांडताना म्हटले की इस्लाम किंवा ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर दलित वर्ग राष्ट्रीयत्वापासून तुटेल. आणि ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना तिथेही जात शिल्लक राहिल्याबद्दल त्यांनी चर्चला धारेवर धरले. पहिल्या विधानाला टिळकांच्या आयुष्यातून उत्तर मिळते. दुसऱ्याला मिळत नाही. ते उत्तर चर्चने द्यायचे होते आणि आजही ते पूर्ण दिलेले नाही.

टिळकांच्या विचाराची राष्ट्रीय कसोटी संविधान सभेत लागली. ख्रिस्ती समाजाचे हरेंद्र कुमार मुखर्जी सभेचे उपाध्यक्ष होते. १९४९ च्या मे महिन्यात अल्पसंख्याकांसाठीच्या राखीव जागा रद्द करण्याची सूचना त्यांनी मांडली आणि ख्रिस्ती प्रतिनिधींनी तो हक्क आपणहून सोडला. वेगळे मतदारसंघ नकोत, आम्ही या देशाचे म्हणूनच राहू, ही भूमिका के. टी. पॉल आणि एस. के. दत्त यांच्यासारख्या नेत्यांनी आधीपासून घेतली होती आणि तिची वैचारिक मुळे टिळकांच्या पिढीत आहेत. श्रद्धेची किंमत आपण मोजू, देशाकडे तिचा मोबदला मागणार नाही, असेच या ख्रिस्ती नेत्यांनी सांगितले. देशाने दुसऱ्या वर्षी काय केले? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला महार किंवा मांग आजही त्या यादीत नाही, मग गावात त्याला कोणत्या वस्तीत घर मिळते आणि मुलीला कोणते स्थळ येते याची पाहणी काहीही सांगो. धर्म बदलला की माणसाची जात गेली असे कायदा धरतो. शेजारी तसे धरत नाही. श्रद्धेची किंमत ज्याची त्याने मोजावी, हे टिळकांचे म्हणणे मला मान्य आहे, पण ती किंमत शाळेतल्या पोराच्या शिष्यवृत्तीतून आणि मजुरावर झालेल्या अत्याचाराच्या फिर्यादीतून वसूल करणे हे शासनाचे काम नव्हे. या प्रश्नाच्या विचारासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. नगर, जालना, औरंगाबादकडच्या खेड्यांतल्या ख्रिस्ती वस्त्यांचे हे गाऱ्हाणे चर्चच्या आवारातला खाजगी मामला समजून बाजूला ठेवू नये. फुले आणि आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने ते आपल्या सामाजिक न्यायाच्या मागण्यांत सामील करून घ्यावे.